माणूस वाईट असण्याची गरज नव्हती

बहिष्काराची हाक आता आपल्याकडे महिन्या-दोन महिन्यांनी येते. कधी एखाद्या नटाच्या चित्रपटावर, कधी दागिन्यांच्या जाहिरातीवर, कधी परदेशी मालावर, आणि कधी, हे लिहिताना हात जड होतो, एका धर्माच्या फळवाल्यांवर आणि भंगारवाल्यांवर. हाक आली की वाद पेटतो आणि दर वेळी त्याच चाकोरीतून जातो. एक बाजू म्हणते, हे टिळकांनी दिलेलं अहिंसक शस्त्र आहे. पैसा माझा, तो कुठे खर्च करायचा ते मी ठरवीन. दुसरी म्हणते, ही झुंडशाही आहे. थोड्याच वेळात दोन्ही बाजू समोरच्या माणसाची कुंडली मांडून बसतात. तो काय बोलला होता, का बोलला होता, मनाने तो कसा आहे? जणू तो वाईट ठरला की बहिष्कार योग्य आणि चांगला ठरला की अन्याय्य. वाद नासतो तो इथेच, असं माझं मत आहे. ज्याच्या आडनावावरून इंग्रजीत आणि मग जगभर हा शब्द गेला तो चार्ल्स बॉयकॉट फारसा वाईट माणूस नव्हता, आणि तरीही त्याच्यावर घातलेला बहिष्कार न्याय्य होता. ही दोन्ही विधानं एकाच वेळी खरी आहेत. ती तशी का, हे कळण्यासाठी त्याचं आयुष्य पाहावं लागतं.

बॉयकॉटचा जन्म १२ मार्च १८३२ चा, इंग्लंडच्या नॉरफोक परगण्यातल्या बर्ग सेंट पीटर या खेड्यातला. वडील तिथले पाद्री. घराण्याचं मूळ आडनाव ‘बॉयकॅट’. १८४१ मध्ये कुटुंबाने त्यातलं एक अक्षर बदललं, नाहीतर आज जगाच्या तोंडी दुसराच शब्द असता. मुलाला सैन्यात जायचं होतं. वूलविचच्या लष्करी अकादमीत तो दाखल झाला, पण १८४९ मध्ये परीक्षेत नापास झाल्याने बाहेर पडला. त्या काळच्या इंग्लंडात यावर उपाय होता. पायदळातलं आणि घोडदळातलं अधिकारपद रोख पैसे मोजून विकत घेता येत असे. ही पद्धत १८७१ मध्ये बंद झाली. १८५० मध्ये घरच्यांनी ४५० पौंड भरून त्याला ३९ व्या पायदळ पलटणीत पद मिळवून दिलं. पलटण आयर्लंडला गेली, हा आजारी पडला, आणि पुरती तीन वर्षं होण्याआधीच पद विकून मोकळा झाला. कॅप्टन तो कधीच नव्हता. ‘कॅप्टन बॉयकॉट’ हे लोकांनी दिलेलं नाव, आपल्याकडे एखाद्याला गाव कायमचं ‘फौजदार’ म्हणतं तसं.

हा तपशील मी मुद्दाम दिला. परीक्षेत नापास झालेल्या पोराला पैशाने अधिकार मिळतो, आणि तो अधिकार विकून आलेल्या पैशावर तो दुसऱ्याच्या देशात जमीन कसायला जातो. यात कुठे दुष्टपणा आहे? हे सगळं कायदेशीर होतं, त्याच्या वर्गातली शेकडो मुलं हेच करत होती. त्याने आयर्लंडमध्ये लग्न केलं, आधी टिपररीत शेती केली, मग पश्चिम किनाऱ्यावरच्या अकिल बेटावर जवळजवळ वीस वर्षं काढली. १८७३ मध्ये तो मेयो परगण्यात लॉफ मास्क सरोवराकाठच्या घरात राहायला आला. तिथे तो स्वतः सुमारे सहाशे एकर कसायचा आणि लॉर्ड अर्न या जमीनदाराचा एजंट म्हणून आसपासच्या कुळांकडून खंड वसूल करायचा. अर्नची जमीन आयर्लंडभर मिळून चाळीस हजार एकरांच्या घरात. मेयोतला तुकडा त्यातला लहानसाच. बॉयकॉट शिस्तीचा, हट्टी आणि कष्टाळू होता. कुळांची कोंबडी-बकरी त्याच्या जमिनीत शिरली की दंड करायचा, जुन्या पायवाटा आणि सरपण गोळा करण्याची जुनी मोकळीक त्याने बंद केली. आपल्या कायदेशीर हक्काचा इंचही न सोडणारा हा गृहस्थ शेजारी म्हणून कुणाला आवडला नसता. पण त्याला राक्षस म्हणावं असं त्याच्या आयुष्यात काही सापडत नाही.

मग १८७९ चं वर्ष आलं. पिकं बुडाली, बटाटा पुन्हा कुजला, आणि तीस वर्षांपूर्वीच्या महादुष्काळाची आठवण लोकांच्या पोटात जागी झाली. त्याच ऑक्टोबरात कुळांच्या हक्कांसाठी लढणारी लँड लीग ही संघटना स्थापन झाली. तिच्यामागचा मायकेल डेव्हिट हा मेयोचाच. लहानपणी त्याच्या कुटुंबाला घरातून हुसकावलं गेलं होतं. इंग्लंडमधल्या कापडगिरणीत काम करताना पोरवयातच त्याचा एक हात गेला होता. १८८० मध्ये अर्नच्या कुळांनी खंडात पंचवीस टक्के सूट मागितली. अर्न दहा टक्क्यांवर अडला. बॉयकॉटने अकरा कुळांविरुद्ध हुसकावणीच्या नोटिसा मिळवल्या. २२ सप्टेंबरला पोलिसांच्या बंदोबस्तात नोटिसा वाटायला आलेल्या बेलिफाने तीन वाटल्या. चौथ्या दारावर बायका जमल्या आणि चिखल, दगड, शेण यांचा मारा सुरू झाला. पुढच्या काही दिवसांत बॉयकॉटचे मजूर निघून गेले. लोहार येईना, धोबीण कपडे घेईना, जवळच्या बॅलिनरोब गावचे दुकानदार माल देईनात, टपाल आणणाऱ्या पोराला धमकावलं गेलं. कापणीचा हंगाम आणि शेतात कुणी नाही. बॉयकॉटने लंडनच्या ‘टाइम्स’ला पत्र लिहिलं, ते ऑक्टोबरात छापून आलं, आणि मेयोतलं एक शेत साम्राज्याचा प्रश्न बनलं. उत्तरेकडच्या अल्स्टर प्रांतातून पन्नास ऑरेंजमेन, म्हणजे ब्रिटिश राजवटीशी निष्ठा सांगणारे प्रोटेस्टंट, स्वयंसेवक म्हणून कापणीला आले आणि त्यांच्या रक्षणाला जवळपास नऊशे सैनिक. दोन आठवड्यांत जास्तीत जास्त पाचशे पौंडांचं पीक निघालं. त्यासाठी खर्च झाला सुमारे दहा हजार पौंड.

शब्द कसा जन्मला तेही सांगण्यासारखं आहे. गावचे धर्मगुरू फादर जॉन ओ’मॅली आणि अमेरिकन पत्रकार जेम्स रेडपाथ बोलत बसले होते. या प्रकाराला काय म्हणावं? ग्रीक मुळाचा जड शब्द शेतकऱ्याच्या जिभेवर बसणार नाही, म्हणून फादरनी त्या माणसाचं आडनावच क्रियापद केलं. आपल्याला असा शब्द उसना घ्यावा लागला नाही. आपल्याकडे ‘वाळीत टाकणं’ होतं, हुक्का-पाणी तोडणं होतं, रोटी-बेटी बंद करणं होतं. ही सोय अभिमानाची नव्हे, आणि तिच्याकडे मी परत येणार आहे.

बॉयकॉटच्या बाजूने दोन गोष्टी गंभीरपणे मांडता येतात आणि दोन्ही मला मान्य आहेत. पहिली अशी की तो मधला माणूस होता. खंड किती सोडायचा हे ठरवणारा अर्न दूर फर्मॅना परगण्यातल्या आपल्या किल्ल्यात होता. बॉयकॉट स्वतःही अर्नचं कूळच. हुकूम देणारा सुरक्षित आणि हुकूम पोचवणाऱ्याच्या घरात पाणी भरायला माणूस नाही, याला न्याय म्हणायचं? घरात त्याची पत्नी होती, तरुण नातेवाईक होते. त्यांनी कुणाचा खंड वाढवला होता? दुसरी गोष्ट अधिक बोचरी. हा बहिष्कार सर्वस्वी स्वेच्छेचा नव्हता. काही मजुरांना आणि दुकानदारांना त्यात भीतीने ओढलं गेलं. २५ सप्टेंबरला, म्हणजे नोटिसांनंतर तिसऱ्याच दिवशी, जवळच्याच भागात लॉर्ड माउंटमॉरेस या जमीनदाराला गोळ्या घालून मारण्यात आलं. अशा मुलखात ‘त्याच्याकडे कामाला जाऊ नकोस’ या साध्या वाक्यामागे काय उभं असतं, ते ऐकणाऱ्याला सांगावं लागत नाही.

तरीही पहिला आक्षेप मला पटत नाही, कारण तो व्यवस्था कशी चालते हे विसरतो. चाळीस हजार एकरांचा मालक स्वतः कुणाच्या दारात जात नाही. एजंट जातो, बेलिफ जातो, मोजणीदार जातो. अन्यायाला हात असतात ते मधल्या माणसांचे. कोकणात खोत हाही मधलाच. सरकार आणि कूळ यांच्या मधोमध बसून दोन्हीकडून आपला वाटा राखणारा. १९३३ मध्ये अलिबागजवळच्या चरी आणि आसपासच्या पंचवीस गावांतल्या कुळांनी नारायण नागू पाटलांच्या पुढाकाराने खोतांची जमीन कसायची नाही असं ठरवलं आणि सहा वर्षं पडीक ठेवली. तेव्हा खोतांनी म्हणायचं का, की कायदा आम्ही केलेला नाही? मधला माणूस निष्पाप ठरवला की वरचा माणूस कायमचा हाताबाहेर जातो. आणि बॉयकॉटच्या मजुरांकडेही पाहा. हंगामाची मजुरी त्यांनी सोडली, दुष्काळाच्या दुसऱ्या वर्षी. चरीच्या कुळांनी सहा वर्षं लाकूडफाटा विकून आणि मिळेल ती मजुरी करून दिवस काढले. स्वतःच्या ताटातला घास काढून केलेला बहिष्कार आणि मोबाइलवर बोट फिरवून केलेला बहिष्कार यांना एकच शब्द वापरावा लागतो, हे भाषेचं दारिद्र्य आहे.

दुसऱ्या आक्षेपाला माझ्याकडे पूर्ण उत्तर नाही, आणि ज्याच्याकडे आहे असं वाटतं त्याच्यावर मी विश्वास ठेवणार नाही. पण पर्याय काय होता हे विचारायला हवं. १९ सप्टेंबर १८८० ला एनिस गावच्या सभेत लँड लीगचा अध्यक्ष चार्ल्स स्ट्युअर्ट पार्नेलने विचारलं होतं: शेजाऱ्याला हुसकावलेल्या जमिनीवर जो दुसरा कूळ येऊन बसतो त्याचं काय करायचं? गर्दीतून आवाज आला, ठार करा. पार्नेल म्हणाला, त्याहून चांगला, अधिक ख्रिस्ती मार्ग आहे, ज्यात चुकलेल्या माणसाला पश्चात्तापाची संधी मिळते. मग त्याने तो मार्ग सांगितला. रस्त्यात, दुकानात, बाजारात, अगदी प्रार्थनेच्या जागीही त्याच्याशी बोलू नका. जुन्या काळी कुष्ठरोग्याला दूर ठेवत तसं त्याला ठेवा. पार्नेल स्वतः प्रोटेस्टंट जमीनदार, विकलोमधल्या वाडवडिलांच्या इस्टेटीचा धनी, म्हणजे बॉयकॉटला सामाजिक दृष्ट्या फारसा परका नसलेला माणूस. त्याच्या भाषणात दोन गोष्टी एकमेकींना चिकटून आहेत. एक, मारू नका, त्याला परतीची वाट ठेवा. दुसरी, कुष्ठरोग्यासारखं ठेवा. पहिली वाचताना मान डोलते. दुसरी मराठी कानाला खटकते आणि खटकायलाच हवी, कारण माणसाला दूर ठेवण्याचं ते तंत्र आपल्या गावांनी शतकानुशतकं वापरलं आहे, तेही ज्यांचा काही गुन्हा नव्हता अशांवर.

आयर्लंडच्या सहा वर्षं आधी आपल्या मुलखात अगदी हेच घडलं होतं. १८७४ च्या डिसेंबरात शिरूर तालुक्यातल्या करडे गावी कालूराम नावाच्या सावकाराने कर्जवसुलीत बाबासाहेब देशमुखांचं राहतं घर मिळवलं आणि पाडायला घेतलं. गाव एक झालं. सावकाराचं शेत कसायचं नाही, न्हाव्याने दाढी करायची नाही, पाणक्याने पाणी भरायचं नाही. बलुतेदारीची सगळी साखळी, जी एरवी वरच्याची सेवा करायला बांधलेली, तीच खेचून धरली गेली. मेयोतल्या लोहाराचं आणि धोबिणीचं काम इथे न्हावी आणि पाणक्या करत होते. पण करड्याची पुढची गोष्टही सांगायला हवी. १२ मे १८७५ ला सुप्याच्या बाजारात दंगल उसळली, कर्जरोखे जाळले गेले, आणि रोख मुख्यतः मारवाडी आणि गुजराती सावकारांवर राहिला. गावचा ब्राह्मण सावकारही व्याज घेतच होता, तो बहुतेक ठिकाणी वाचला. कर्जाविरुद्धचा राग एका जमातीवर घसरायला किती कमी वेळ लागतो! १८७९ चा दख्खनच्या शेतकऱ्यांचा कायदा या उठावातून आला, तसाच १८८१ चा आयर्लंडचा जमीन कायदा मेयोच्या लढ्यातून. दोन्ही लढे न्याय्य होते असं मी मानतो. पण एकात घसरण झाली, हे झाकून ठेवून मला वाद जिंकायचा नाही.

ही घसरण आयर्लंडमध्येही झाली. जानेवारी १९०४ मध्ये लिमरिक शहरात फादर जॉन क्रे या धर्मगुरूने प्रवचनातून तिथल्या मूठभर ज्यू कुटुंबांवर बहिष्कार घालायला सांगितलं. शस्त्र तेच, देश तोच, आणि सबब म्हणून हप्त्याने माल विकणाऱ्या फेरीवाल्यांची सावकारीही होती. लोकांनी व्यवहार तोडले, कुटुंबं शहर सोडून जाऊ लागली. तेव्हा या बहिष्काराविरुद्ध जाहीरपणे लिहायला उभा राहिला तो मायकेल डेव्हिट, ज्याने हे शस्त्र घडवायला मदत केली होती तोच. त्याने आपलं मत बदललं होतं का? मुळीच नाही. बॉयकॉट खंड सोडू शकत होता, नोटिसा मागे घेऊ शकत होता, एजंटपण सोडून देऊ शकत होता; यातलं काहीही केलं असतं तर दुसऱ्या दिवशी मजूर शेतावर आले असते. लिमरिकच्या ज्यूंनी काय सोडायचं होतं? फळवाल्याने आज काय सोडायचं आहे? त्याच्यापुढे मागणीच नाही, म्हणून त्याला पुरी करता येण्यासारखं काहीच नाही.

इथे मला माझ्याच युक्तिवादावर थांबावं लागतं, कारण नुसती ‘मागणी आहे का’ ही कसोटी पुरत नाही. मार्च १९२७ मध्ये महाडला चवदार तळ्याचं पाणी घेतलं गेलं. त्याच परिषदेत मेलेल्या जनावरांचं मांस खाणं सोडा, शिळे तुकडे मागणं सोडा, असा ठराव झाला. मेलेली गुरं ओढण्याचं आणि असली कामं नाकारणं हा खालून वर केलेला बहिष्कार होता, लॉफ मास्कच्या धोबिणीने केला तसाच. त्यावर गावोगावच्या सवर्णांनी उलटा बहिष्कार घातला: शेतात काम नाही, वाण्याकडे धान्य नाही, वाट बंद. यालाही मागणी होती आणि परतीची वाटही होती. हक्क सोडा, पूर्वीसारखे वागा, मग काम मिळेल. दोन्हीकडे बहिष्कारच, दोन्हीकडे अटही. फरक एवढाच की एक बाजू दुसऱ्यावरची सत्ता सोड म्हणत होती आणि दुसरी आपलं माणूसपण सोड म्हणत होती. आणि ‘एवढाच’ म्हटलेला हा फरकच सगळा आहे. १९२८ मध्ये मुंबई सरकारने नेमलेल्या समितीने, जिचे आंबेडकर सदस्य होते, लिहून ठेवलं की अस्पृश्यांना दडपण्यासाठी यापेक्षा परिणामकारक हत्यार शोधून सापडणार नाही, उघड मारहाणही त्यापुढे फिकी पडते. ज्यांनी आपल्या पत्राचं नाव ‘बहिष्कृत भारत’ ठेवलं होतं त्या आंबेडकरांनी गोलमेज परिषदेत सामाजिक बहिष्कार हा गुन्हा ठरवा अशी मागणी केली आणि तिचा मसुदा ब्रह्मदेशच्या १९२२ च्या बहिष्कारविरोधी कायद्यावर बेतला. महाराष्ट्राने असा कायदा केला तो २०१६ मध्ये. टिळकांच्या चतुःसूत्रीतला बहिष्कार आणि आंबेडकरांच्या मसुद्यातला बहिष्कार एका शब्दात राहतात म्हणून त्यांना एका मापाने मोजणारे लोक दोघांवरही अन्याय करतात.

उरतो बॉयकॉट. २७ नोव्हेंबर १८८० ला तो कुटुंबासह लॉफ मास्कहून निघाला तेव्हा बॅलिनरोबमध्ये त्याला गाडीवान मिळाला नाही. लष्कराच्या रुग्णवाहक गाडीतून जावं लागलं. डब्लिनच्या हॉटेलमालकाला धमकीचं पत्र आलं, तसा तो इंग्लंडला गेला. सरकारकडे नुकसानभरपाई मागितली, मिळाली नाही. मला त्या गाडीतल्या बाईमाणसांची कीव येते, आणि ती येऊ नये असं कुणी सांगितलं तर मी ऐकणार नाही. पण पुढच्याच वर्षी तो अमेरिकेला जाऊन आला आणि लॉफ मास्कला परतला. १८८६ पर्यंत तो त्याच घरात राहिला. मग सफोकमधल्या फ्लिक्स्टनला सर ह्यू अडेअर यांच्या इस्टेटीवर पुन्हा एजंटाचीच नोकरी मिळाली. तिथेच १९ जून १८९७ रोजी, पासष्टाव्या वर्षी, तो वारला आणि बर्ग सेंट पीटरला वडिलांच्या चर्चच्या आवारात पुरला गेला. शेवटच्या वर्षांतही सुट्टी घालवायला तो आयर्लंडलाच जात असे. महाडहून घरी परतलेल्या आणि दुसऱ्या दिवशी वाण्याने धान्य नाकारलेल्या माणसाला जायला असं कुठलं सफोक होतं?